छोट्या मॅस्टोडॉन सर्व्हरची डिस्क कोणाच्या छायाचित्रांनी भरते?

तुमच्या प्रश्नाचा मला लागलेला अर्थ असा. गिर्यारोहक आणि पक्षीनिरीक्षक मंडळींचा, 38 सभासदांचा मॅस्टोडॉन सर्व्हर तुम्ही सात महिन्यांपासून चालवत आहात. (मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखे, पण एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारे समाजमाध्यम.) महिना 48 डॉलर भाड्याच्या व्हीपीएसची, म्हणजे भाड्याच्या आभासी यंत्राची, 160 जीबीची डिस्क नव्वद टक्के भरली आहे. आता मोठी डिस्क घ्यावी, ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइल ठेवण्याच्या वेगळ्या भाड्याच्या ऑनलाइन कोठारावर) जावे, की सभासदांना छायाचित्रे कमी टाकायला सांगावे, यांपैकी काय स्वस्त पडेल आणि वर्गणी किती ठेवावी, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

तिन्ही पर्यायांमागे एक गृहीतक आहे आणि माझ्या अनुभवात ते जवळजवळ नेहमी चुकीचे ठरते. डिस्क आपल्या सभासदांच्या छायाचित्रांनी भरली, असे तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात मॅस्टोडॉनची रीत अशी आहे की तुमच्या एखाद्या सभासदाने परक्या सर्व्हरवरील खाते फॉलो केले, की त्या खात्याची प्रत्येक नोंद (पोस्ट) आणि तिच्यासोबतचे चित्र वा चलचित्र तुमच्या सर्व्हरवर उतरवले जाते. ते कोणी उघडून पाहिले की नाही, याची वाट पाहिली जात नाही. त्या खात्याने दुसऱ्या कोणाची नोंद पुढे पाठवली, तर तीही येते आणि तिच्या मूळ लेखकाचे मुखचित्र, त्याच्या पानावरील रुंद चित्र, सानुकूल इमोजी आणि दुव्यांच्या पूर्वचित्रांच्या प्रतीही मागोमाग येतात. म्हणून सभासदांच्या संख्येवरून साठ्याचा अंदाज बांधता येत नाही. ते कोणाला आणि किती जणांना फॉलो करतात, यावर तो ठरतो. जगभरच्या पाचशे छायाचित्रकारांना फॉलो करणारा एकच सभासद तुमच्या उरलेल्या सदतीस जणांना मागे टाकू शकतो.

तेव्हा काहीही विकत घेण्याआधी मोजणी करा. टूट-सीटीएल या मॅस्टोडॉनच्या प्रशासकीय साधनात ‘मीडिया यूसेज’ ही कमांड आहे. ती नोंदींसोबतच्या फाइल, मुखचित्रे, पानांवरील रुंद चित्रे, इमोजी, दुव्यांची पूर्वचित्रे आणि सभासदांनी मागवलेल्या संग्रहप्रती यांचे आकार वेगवेगळे दाखवते आणि त्यांत स्थानिक वाटा किती, हेही सांगते. त्याच बैठकीत पोस्टग्रेसचा, म्हणजे मॅस्टोडॉनच्या डेटाबेसचा, आकार, डॉकर (सॉफ्टवेअर तयार गठ्ठ्यांतून चालवण्याचे साधन) वापरत असाल तर त्याच्या जुन्या ‘प्रतिमा’, म्हणजे जुन्या आवृत्त्यांचे गठ्ठे, आणि लॉगच्या फाइल पाहून घ्या, कारण ‘मीडियाने डिस्क भरली’ म्हणून मदतीसाठी आलेल्या एका सर्व्हरवर निम्मी जागा डॉकरच्या जुन्या प्रतिमांनी अडवलेली मी पाहिली आहे.

माझा सर्व्हर नोव्हेंबर 2022 मध्ये, ट्विटरवरून लोक मोठ्या संख्येने बाहेर पडत होते तेव्हा सुरू झाला आणि आज त्यावर 55 सभासद आहेत. मी हा हिशेब पाण्याच्या टाक्यांसारखा मांडतो. पहिल्या टाकीत परक्यांच्या प्रती येतात. तिला खाली नळ आहे आणि तो किती दिवसांनी उघडायचा, हे तुमच्या हातात आहे. रोजची आवक गुणिले ठेवण्याचे दिवस, इतकाच तिचा आकार राहतो. रोज 2 जीबी येत असेल आणि 14 दिवस ठेवायचे ठरवले, तर साठा 28 जीबीच्या आसपास स्थिरावतो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो. दुसऱ्या टाकीत तुमच्या सभासदांचे स्वतःचे साहित्य असते आणि तिला नळच नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत मॅस्टोडॉन चित्र 83 लाख पिक्सेलपर्यंत लहान करून ठेवतो, तेव्हा एका छायाचित्राला सरासरी दीड एमबी धरा. 38 जणांनी रोज दोन छायाचित्रे टाकली, तर दिवसाला 114 एमबी, महिन्याला साडेतीन जीबीच्या आत आणि वर्षाला साधारण 40 जीबी भर पडते. पहिली टाकी आज मोठी दिसत असली, तरी तिला पातळी आहे. दुसरी आज किरकोळ वाटते, पण ती चढतच जाणार आहे. तुमची सध्याची अडचण पहिल्या टाकीची आहे आणि तीन वर्षांनंतरची दुसऱ्या टाकीची असेल. या दोहोंना एकच उपाय शोधायला गेलात, तर पैसे वाया जातील.

पहिल्या टाकीचा नळ सर्व्हरच्या प्रशासन विभागात, साहित्य किती काळ ठेवायचे त्या पानावर आहे. मीडियाच्या तात्पुरत्या साठ्याची मुदत तिथे दिवसांत लिहायची असते. ही चौकट रिकामी राहिली, तर काहीच पुसले जात नाही, आणि सात महिन्यांत 160 जीबीची डिस्क भरत येण्याचे कारण बहुधा एवढेच आहे. मुदत 14 दिवसांपेक्षा कमी ठेवू नका, कारण दुव्यांची पूर्वचित्रे किती वारंवार ताजी करता येतील यावर मर्यादा आहे आणि मॅस्टोडॉनची स्वतःची शिफारसही किमान 14 दिवसांची आहे. पुसलेले चित्र कायमचे हरवत नाही. नोंद जागेवर राहते, आणि कोणी ते चित्र पुन्हा मागितले, तर मूळ सर्व्हर जिवंत असेपर्यंत तुमचा सर्व्हर ते नव्याने उतरवून देतो.

त्याच पानावर मजकुराच्या तात्पुरत्या साठ्याची वेगळी मुदत आहे. तिला हात लावू नका. ती भरली, तर परक्या सर्व्हरवरील नोंदीच ठरलेल्या दिवसांनंतर पुसल्या जातात, आणि तुमच्या सभासदाने त्या खुणेसाठी जपून ठेवल्या होत्या की पसंत केल्या होत्या, हे पाहिले जात नाही. तशी सूचना तिथेच दिलेली असते. परंतु दोन चौकटी सारख्या दिसतात आणि डिस्क भरत आलेली असताना माणूस घाईत असतो. डेटाबेस खरोखरच आटोक्यात आणायचा असेल, तर टूट-सीटीएलमधील नोंदी काढण्याची कमांड वापरावी, कारण स्थानिक सभासदांनी जपलेल्या वा उत्तर दिलेल्या नोंदी ती राखते. अर्थात, ओळी पुसल्या म्हणून पोस्टग्रेसच्या फाइल लगेच लहान होत नाहीत. ती जागा नव्या ओळींसाठी वापरली जाते, पण डिस्कला परत मिळत नाही.

प्रशासनातील मुदत मुखचित्रांना आणि पानांवरील रुंद चित्रांना लागू होत नाही, ही गोष्ट मला उशिरा कळली. त्यांच्यासाठी ‘मीडिया रिमूव्ह’ कमांड ‘प्रून प्रोफाइल्स’ या पर्यायासह चालवावी लागते. तुमच्याकडील कोणीही ज्यांना फॉलो करत नाही आणि जे तुमच्याकडील कोणालाही फॉलो करत नाहीत, अशा परक्या खात्यांचीच चित्रे ती काढते. ते खाते पुन्हा अद्ययावत होईपर्यंत चेहऱ्याच्या जागी कोरे चित्र दिसते, एवढाच तोटा. मी हे काम तीन महिन्यांतून एकदा, रविवारी पहाटे करतो.

आवक कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. रिले जोडला असेल, तर आधी तो काढा. सार्वजनिक रिले म्हणजे ओळख नसलेल्या असंख्य सर्व्हरांचे सार्वजनिक बोलणे आपल्या घरात सोडून घेणे. छोट्या सर्व्हरची कालरेषा ओसाड दिसू नये म्हणून लोक तो जोडतात आणि पुढे कोणी न वाचलेल्या नोंदींच्या चित्रांचे भाडे भरत राहतात. दुसरा मार्ग असा की एखाद्या विशिष्ट सर्व्हरवरून, उदाहरणार्थ केवळ स्वयंचलित चित्रे टाकणाऱ्या खात्यांनी भरलेल्या सर्व्हरवरून, फार मोठी आवक होत असेल, तर त्याला पूर्ण बंदी न घालता फक्त त्याच्या मीडिया फाइल नाकारता येतात. सभासदांना मात्र ‘कमी लोकांना फॉलो करा’ असे सांगू नये, असे माझे मत आहे. त्यासाठीच तर ते तुमच्याकडे आले आहेत.

यात एक ‘परंतु’ आहे: हे सारे मॅस्टोडॉनपुरते खरे आहे. याच जाळ्यात चालणारी दुसरी सॉफ्टवेअरे वेगळी वागतात. गो-टू-सोशलही परकी चित्रे साठवतो आणि ठरावीक दिवसांनी स्वतःहून पुसतो. प्लेरोमा आणि अकोमा मूलतः चित्र साठवत नाहीत. वाचकाचा ब्राउझर ते थेट मूळ सर्व्हरकडून आणतो, त्यामुळे साठा वाचतो, पण वाचकाचा आयपी पत्ता त्या परक्या सर्व्हरला कळतो. चलचित्रांसाठीच्या पीअरट्यूबचा हिशेब तर पूर्णपणे वेगळा आहे, कारण तिथे प्रत्येक चलचित्राच्या अनेक दर्जांच्या प्रती तुम्हीच तयार करून कायम ठेवता. तुमच्या मंडळींना भटकंतीची लांब चलचित्रे टाकायची असतील, तर ती अन्यत्र ठेवून मॅस्टोडॉनवर दुवा द्यायला सांगा. छायाचित्रांवर बंधन घालण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

आता भाड्याचा विचार. नळ सुरू केल्यावर तुमची डिस्क बहुधा निम्म्यावर येईल आणि आजची घाई संपेल. तरीही मीडिया ऑब्जेक्ट स्टोरेजवर न्यावा, असेच मी सुचवीन, आणि त्याचे पहिले कारण खर्चाचे नाही. मीडिया आणि पोस्टग्रेस एकाच डिस्कवर असतील, तर ज्या रात्री डिस्क भरेल त्या रात्री डेटाबेस लिहिणे थांबवील आणि अख्खा सर्व्हर बंद पडेल. डेटाबेसला स्वतःची जागा हवी, हा मुख्य मुद्दा आहे.

खर्चात मात्र साठवणुकीचा दर सर्वांत कमी महत्त्वाचा असतो, आणि नवखे लोक नेमका तोच पाहतात. व्हीपीएसला जोडलेली जादा डिस्क तुलनेने महाग असते. डिजिटलओशनकडे 100 जीबीला महिना 10 डॉलर पडतात, तर त्यांच्याच ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये 5 डॉलरांत 250 जीबी साठा आणि 1 टीबी बाहेर जाणारी वाहतूक मिळते. परंतु ऑब्जेक्ट स्टोरेज आणि ऑब्जेक्ट स्टोरेज यांतही फरक आहे. समजा, तुमचा साठा 100 जीबी आहे आणि महिन्याला 300 जीबी बाहेर जातात. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात साठ्याचा दर जीबीला 0.025 डॉलर आहे, म्हणजे साठ्याचे झाले अडीच डॉलर. पण बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचे पहिले 100 जीबी सोडून प्रत्येक जीबीला 0.1093 डॉलर लागतात, म्हणजे जवळपास 22 डॉलर. बिलाचा नऊ-दशांश भाग वाहतुकीचा झाला. क्लाउडफ्लेअरच्या आर-टूमध्ये वाहतुकीला शुल्क नाही आणि पहिले 10 जीबी फुकट आहेत, म्हणून तिथे हाच साठा 1.35 डॉलरला पडेल. बॅकब्लेझच्या बी-टूमध्ये ऑक्टोबर 2023 पासून टीबीमागे महिना 6 डॉलर आणि साठ्याच्या तिपटीपर्यंत वाहतूक मोफत, अशी रचना आहे, म्हणजे इथे एक डॉलरही होत नाही. हे दर माझ्या टिपणवहीतले आहेत आणि कंपन्या ते बदलतात, म्हणून करार करण्यापूर्वी त्या दिवशीचे दर पाहावेत. आकड्यांपेक्षा बिलाची रचना समजून घेणे महत्त्वाचे. क्लाउडफ्लेअरकडे एवढी वाहतूक एकवटणे विकेंद्रित जाळ्याच्या तत्त्वात बसत नाही, असे अनेक चालकांना वाटते. मला ती हरकत पटते, पण 38 जणांच्या वर्गणीवर चालणाऱ्या सर्व्हरला मी त्यावरून दोष देणार नाही.

रचनेतली दुसरी मेख किमान मुदतीची. वसाबीसारख्या सेवेत वापराप्रमाणे पैसे भरण्याच्या योजनेत किमान 1 टीबीचे बिल येते आणि प्रत्येक फाइलचे किमान 90 दिवसांचे भाडे लागते, मग ती तुम्ही चौदाव्या दिवशी पुसली तरीही. रोज 15 जीबी आवक असलेल्या सर्व्हरला 14 दिवसांचा साठा 210 जीबी दिसेल, पण भाडे 1350 जीबीचे पडेल. ॲमेझॉनचा क्वचित वापराचा स्वस्त वर्गही असाच फसवा आहे: तिथे किमान 30 दिवसांचे भाडे लागते आणि 128 केबीपेक्षा लहान फाइलही 128 केबीची धरली जाते, तर आपल्याकडे लघुचित्रे आणि मुखचित्रे त्याहून कितीतरी लहान असतात. ज्या साठ्याचा स्वभावच येण्याजाण्याचा आहे, त्याला मुक्कामाची अट असलेली धर्मशाळा चालत नाही.

माझी स्वतःची फसगत तिसऱ्याच ठिकाणी झाली. मी नाव न घेता सांगतो: ज्या सेवेत मी बकेट (ऑब्जेक्ट स्टोरेजमधला आपला कप्पा) उघडली, तिथे प्रत्येक फाइलच्या सर्व जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय आपोआप चालू होती. मॅस्टोडॉन रात्री हजारो फाइल पुसत होता, बकेटमध्ये त्या फक्त दिसेनाशा होत होत्या, आणि भाडे चालूच होते. मीडिया यूसेज 40 जीबी म्हणत होते आणि बिल 300 जीबीच्या वर गेले होते. पाच महिने मी मॅस्टोडॉनमध्येच दोष शोधत राहिलो. तेव्हापासून नवी बकेट उघडल्यावर पहिले काम म्हणून मी फक्त शेवटची आवृत्ती ठेवण्याचा नियम लावतो, आणि दर महिन्याला दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहितो.

नियमांचाच विषय निघाला, म्हणून एक उलट सूचना. ‘कॅश’ या उपसर्गाखालच्या, म्हणजे परक्यांच्या प्रती जिथे असतात त्या फोल्डरातल्या, फाइल 14 दिवसांनी पुसण्याचा नियम थेट बकेटवरच लावला की काम झाले, असे अनेकांना सुचते. तसे करू नये, आणि डिस्कवर असताना जुन्या फाइल शोधून हाताने पुसण्याचा प्रयोगही करू नये. फाइल कुठे आहे, हे डेटाबेसमध्ये लिहिलेले असते. तुम्ही ती परस्पर पुसली, तर डेटाबेसच्या लेखी ती असतेच, त्यामुळे पुन्हा उतरवण्याची क्रिया होत नाही आणि वाचकाला तुटके चित्र दिसत राहते. शिवाय फॉलो केलेल्या खात्यांची मुखचित्रेही त्याच उपसर्गाखाली असतात. पुसण्याचे काम मॅस्टोडॉनलाच करू द्यावे.

स्थलांतराचा क्रम सांगतो. आधी नळ सुरू करून साठा आटवा, म्हणजे कचरा उचलून नेण्याचे श्रम आणि बकेटमध्ये फाइल लिहिण्याच्या विनंत्यांचे शुल्क, दोन्ही वाचतील. मग मीडियासाठी स्वतःच्या डोमेनखालचा एक उपडोमेन घ्या आणि मॅस्टोडॉनच्या मांडणीत (कॉन्फिगरेशनमध्ये) पर्यायी यजमान म्हणून तोच लिहा. स्टोरेज कंपनीचा पत्ता कधीही उघडा ठेवू नका. परक्या सर्व्हरांनी तुमच्या चित्रांचे पत्ते आपल्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवलेले असतात, आणि उद्या कंपनी बदलायची झाली, तर ते तुम्हाला बदलता येणार नाहीत. उपडोमेनवर एनजिन्क्स हा वेब सर्व्हर मध्यस्थ म्हणून बसवून त्याला काही जीबींचा स्वतःचा साठा द्या, म्हणजे तेच चित्र बकेटमधून पुनःपुन्हा मागवावे लागणार नाही. तुमच्या सभासदाचे चित्र दुसरा मॅस्टोडॉन सर्व्हर सहसा एकदाच उतरवतो आणि पुढे आपल्या वाचकांना आपल्याकडूनच देतो, पण नोंद प्रसिद्ध होताच शेकडो सर्व्हर एकाच मिनिटात मागणी करतात, आणि नेमक्या त्या वेळी एनजिन्क्स उपयोगी पडतो. त्यानंतर आरक्लोन या फाइल हलवण्याच्या साधनाने फाइल बकेटमध्ये न्या, मांडणी बदला, सेवा पुन्हा सुरू करा आणि मधल्या वेळेत आलेल्या फाइलसाठी आरक्लोन पुन्हा एकदा चालवा. बकेटमधील फाइलींची यादी बाहेरच्यांना दिसू देऊ नका; एकेक फाइल वाचता येणे आणि सगळी यादी मिळणे यांत सभासदांच्या खासगीपणाचा फरक आहे. जुन्या डिस्कवरील प्रत महिनाभर राहू द्या.

बॅकअपमध्ये पोस्टग्रेस, मांडणीची फाइल आणि सभासदांचे स्वतःचे साहित्य असावे. परक्यांच्या प्रतींचा बॅकअप घेणारे चालक मी पाहिले आहेत. ते दुसऱ्याच्या सामानासाठी दोन खोल्या भाड्याने घेतात.

आता वर्गणी. मीडिया बाहेर गेल्यावर 160 जीबीचा व्हीपीएस तुम्हाला लागणार नाही, आणि खरी बचत इथे आहे. नोंदींतल्या शोधासाठी इलॅस्टिकसर्च हे जड सॉफ्टवेअर चालवत नसाल, तर 38 सभासदांना 4 जीबी रॅम आणि 80 जीबी डिस्क पुरते, जी साधारण निम्म्या भाड्यात मिळते. बहुतेक ठिकाणी असलेली डिस्क लहान करता येत नाही, म्हणून नवे यंत्र उभारून स्थलांतर करावे लागेल आणि त्यात एक रविवार जाईल. महिना 24 डॉलर व्हीपीएसचे आणि 5 डॉलर साठ्याचे धरले, तर 29 होतात. परदेशी सेवेवर 18 टक्के जीएसटी धरून 34 डॉलर आणि काही सेंट, म्हणजे वर्षाला सुमारे 411 डॉलर. याला 38 ने भागू नका. निम्मे सभासद देतील असे धरा, म्हणजे देणाऱ्यामागे वर्षाला 22 डॉलरच्या आत येते. डोमेनचे नूतनीकरण त्यातच बसवा.

वर्गणी वर्षाची एकदम गोळा करा आणि तीन महिन्यांचा खर्च शिलकीत ठेवा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरांनी जो करार मानायचा असतो, त्यात सर्व्हर बंद करण्यापूर्वी किमान तीन महिने सूचना देणे, रोजचा बॅकअप घेणे आणि आणीबाणीत प्रवेश असलेली दुसरी व्यक्ती नेमणे अशा अटी आहेत. तुम्ही त्या यादीत नसलात, तरी तीन महिन्यांची शिल्लक नसताना तीन महिन्यांची सूचना देता येत नाही. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आपल्या कार्डांवरील परदेशी कंपन्यांची आपोआप वसुली अनेकदा नाकारली जाते. मी प्रवासात असताना माझे असेच एक बिल थकले आणि सर्व्हर दोन दिवस बंद राहिला. तुम्हाला व्हीपीएस देणारी कंपनी आगाऊ रक्कम जमा करून घेत असेल, तर सहा महिन्यांचे पैसे आधीच भरा आणि खात्याचा पासवर्ड त्या दुसऱ्या व्यक्तीकडेही असू द्या.